नागपुरात राहून देवमाशांचा अभ्यास: माहिती कळते कशी आणि सुरुवात कुठून करायची

नागपुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: देवमासा श्वास घ्यायला वर येतो आणि लगेच बुडी मारतो, दिसतो तो काही क्षणच. मग त्यांची संख्या, वय, प्रवास, आवाज यांबद्दल शास्त्रज्ञ इतक्या खात्रीने कसे बोलतात? इथे राहून या विषयात खरंच काही करता येतं का, की मुंबई-गोवा गाठल्याशिवाय गत्यंतर नाही? आणि घरचे म्हणतात, आपल्याकडे वाघ आहेत, वाघांवर कर.

तू विद्यार्थिनी आहेस, म्हणून एकेरीत लिहिते. समुद्री सस्तन प्राण्यांचे आवाज आणि किनाऱ्याला लागलेल्या मृत प्राण्यांच्या नोंदी हे माझं काम. फील्ड कोकणात, पण कामाचा मोठा भाग इथेच नागपुरात, संगणकासमोर होतो. इथून जवळचा समुद्रकिनाराही पाचशे किलोमीटरच्या पलीकडे आहे आणि तरी हे काम चालतं, एवढं आधीच सांगून ठेवते. घरच्यांचं म्हणणंही उडवून लावू नकोस. वाघ मोजणारे आणि देवमासे मोजणारे यांची हत्यारं बरीचशी एकच आहेत.

पेंचमध्ये वाघ कसे मोजतात हे तुला माहीत असेल. पाणवठ्याच्या वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीसारखे नसतात. पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो. हंपबॅक, म्हणजे कुबड देवमासा, खोल बुडी मारताना शेपूट पाण्याबाहेर उभी करतो. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे डाग, ओरखडे आणि मागच्या कडेच्या खाचा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. १९७० च्या दशकात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मायकेल बिग यांनी पाठीवरच्या पंखावरून आणि त्यामागच्या करड्या ठिपक्यावरून एकेक ओर्का, म्हणजे काळा-पांढरा शिकारी देवमासा, ओळखून दाखवला. निळ्या देवमाशाच्या पाठीवरची फिकट-गडद चट्ट्यांची नक्षीही अशीच उपयोगी पडते.

ओळख पटली की गणित सुरू होतं. समज, एका हंगामात तुला २० वेगवेगळ्या शेपट्यांचे फोटो मिळाले. पुढच्या हंगामात २५ मिळाले आणि त्यातल्या ५ आधीच्याच निघाल्या. म्हणजे दुसऱ्या खेपेच्या नमुन्यातला पाचवा हिस्सा ओळखीचा आहे. तेव्हा पहिल्या खेपेचे २० हे एकूण संख्येच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे असावेत. २० गुणिले २५ भागिले ५, उत्तर १००. वाघांची गणना करणारे याच कल्पनेची सुधारित रूपं वापरतात. यातली खरी डोकेदुखी गृहीतकांची असते. प्रत्येक प्राणी कॅमेऱ्यात येण्याची शक्यता सारखीच आहे, असं साधं सूत्र धरून चालतं. प्रत्यक्षात पिल्लं शेपूट क्वचितच वर काढतात आणि काही प्राणी होडीपासून लांबच राहतात. दोन हंगामांच्या मध्ये काही मरतात, काही जन्मतात. म्हणून नुसता आकडा कधी वाचू नकोस, त्याच्या शेजारचा कमाल-किमान पल्लाही वाच. ओमानजवळच्या हंपबॅकचा २००० ते २००४ च्या फोटोंवरून काढलेला अंदाज ८२ होता आणि पल्ला ६० ते १११. मला विचारशील तर त्या पल्ल्यातच खरी माहिती आहे.

हे ओमानचे हंपबॅक आपल्या अरबी समुद्रातले, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबते. जगभरचे हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवांकडच्या थंड पाण्यात खायला जातात आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात विणीसाठी येतात. अरबी समुद्रातले मात्र वर्षभर इथेच राहतात. हे कळलं कसं, ते बघ. पहिला मोठा पुरावा शिकारीतून आला आणि तो वाचताना आजही त्रास होतो. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या जवळच्या समुद्रात बेकायदा २४२ हंपबॅक मारले. सरकारकडे खोटे आकडे जात होते, पण जहाजावरच्या जीवशास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपून ठेवल्या आणि युरी मिखालेव्ह यांनी त्या १९९७ मध्ये प्रसिद्ध केल्या. मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची लांबी उत्तर गोलार्धाच्या विणीच्या वेळापत्रकाशी जुळत होती. म्हणजे हे दक्षिणेकडून पाहुणे म्हणून आलेले प्राणी नव्हते. शिवाय त्यांच्या जठरांत अन्न होतं, म्हणजे ते इथेच खात होते. पुढे कातडीच्या छोट्या तुकड्यांवरून डीएनए तपासला गेला. २०१४ च्या त्या अभ्यासानुसार हा गट इतर हंपबॅकपासून सुमारे ७०,००० वर्षं तुटलेला आहे.

मग २०१७ च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह-टॅग, म्हणजे उपग्रहाला जागा कळवणारं छोटं यंत्र, लावलेली लुबान नावाची मादी सरळ अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली, दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली ठेवलेल्या यंत्रांनीही हंपबॅकचं गाणं टिपलं. गर्भाची लांबी, डीएनए, टॅग आणि आवाज हे चारही पुरावे वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या काळात आणि बहुतेक एकमेकांच्या नकळत गोळा केले. ते एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून आम्ही खात्रीने बोलतो. एकाच पद्धतीवर उभी असलेली माहिती मी नेहमी जरा हात राखूनच सांगते.

आता आवाजाबद्दल. हा माझा विषय, त्यामुळे इथे लांबण लागेल.

पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही, पण आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. निळ्या देवमाशाचा खर्जातला आवाज अनुकूल परिस्थितीत शेकडो किलोमीटर पोहोचतो. १९७१ मध्ये रॉजर पेन आणि स्कॉट मॅक्वे यांनी हंपबॅकचे आवाज ठराविक क्रमाने पुन्हा पुन्हा येतात आणि म्हणून ते गाणंच आहे, असं दाखवलं, तेव्हापासून हा अभ्यास खऱ्या अर्थाने वाढला. पद्धत दिसायला साधी आहे. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखाली चालणारा मायक्रोफोन, रेकॉर्डरला जोडून समुद्राच्या तळाशी किंवा नांगराच्या दोरीला बांधून ठेवायचा. काही महिन्यांनी काढायचा आणि मग ऐकत बसायचं.

ऐकत बसायचं म्हणजे खरं तर बघत बसायचं. आवाजाचं चित्र करतात, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, आणि जितका रंग गडद तितका आवाज मोठा. कोकणातल्या खडकाळ किनाऱ्याजवळची कुठलीही फाइल उघड, सगळ्यात आधी बारीक उभ्या रेघांचा पाऊस दिसेल. त्या टिचकी कोळंबीच्या. ती एक नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्याचा आवाज होतो. कानाला ते तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसं ऐकू येतं, दिवसरात्र. त्याखाली एकमेकींना समांतर आडव्या रेघा दिसल्या की समजायचं, जहाज किंवा ट्रॉलर जातोय. इंजिनाची कंप्रता स्थिर असते, म्हणून रेघ सरळ जाते. हंपबॅकच्या खुणा वळणाच्या असतात, वर चढतात, खाली उतरतात आणि काही मिनिटांनी तोच क्रम पुन्हा येतो. निळा देवमासा चित्राच्या अगदी तळाशी सापडतो. त्याचे काही सूर माणसाच्या कानाच्या मर्यादेवर किंवा त्याखाली असतात, म्हणून फाइल आठ-दहा पट वेगाने वाजवावी लागते. तेव्हा कुठे ते कानाला कळतात.

यंत्र लावण्याआधी एक हिशेब घरी बसून करता येतो आणि तो येणं फार गरजेचं आहे. सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं, म्हणजे नमुने, प्रत्येक १६ बिटचा, असं रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला सुमारे ८.३ जीबी जागा लागते. डॉल्फिनच्या शिट्ट्या हव्या असतील तर इतकं घ्यावंच लागतं. पण फक्त निळा देवमासा शोधायचा असेल तर त्याचे सूर इतके खालचे असतात की सेकंदाला २,००० नमुने पुरतात. कारण जी कंप्रता टिपायची, तिच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले की भागतं. मग दिवसाला साधारण ३४६ एमबी होतात. तीच बॅटरी, तेच कार्ड कितीतरी जास्त दिवस चालतं. कुठला प्राणी हवा आहे हे आधी ठरवावं लागतं, ते यामुळे.

दिव्या पणिक्कर आणि केट स्टॅफर्ड यांनी लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ अशीच यंत्रं ठेवून निळ्या देवमाशांची गाणी नोंदवली आणि भारतीय पाण्यातली ही नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याआधी २०२० मध्ये आणखी एका गटाने ओमान, मादागास्कर या भागातून निळ्या देवमाशाचं आधी कुणी न नोंदवलेलं गाणं जगासमोर आणलं. निळ्या देवमाशांच्या प्रत्येक गटाचं गाणं वेगळं असतं. त्यामुळे नवं गाणं सापडणं म्हणजे बहुधा नवा गट सापडणं. मला हा या विषयातला सगळ्यात मोठा आनंद वाटतो.

याची मर्यादाही लक्षात ठेव. हंपबॅकमध्ये गातात ते नर. माद्या आणि पिल्लं गाण्याच्या नोंदीत येतच नाहीत. एखाद्या महिन्यात आवाज मिळाला नाही, यावरून प्राणी नव्हते असं म्हणता येत नाही. कदाचित ते गप्प होते, कदाचित जहाजांच्या गोंगाटात त्यांचा आवाज बुडाला.

बाकीच्या पद्धती थोडक्यात सांगते. रबरी चोषकांनी पाठीला चिकटणारे टॅग काही तासांनी आपोआप सुटतात आणि खोली, वळणं, आवाज सगळं घेऊन पाण्यावर तरंगतात. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ अशा टॅगमधून एका निळ्या देवमाशाच्या हृदयाचे ठोके मोजले गेले. खोल बुडीत ते मिनिटाला दोनपर्यंत उतरले आणि पृष्ठभागावर तिशीच्या पुढे गेले. विलक्षण निरीक्षण आहे, पण तो एकच प्राणी होता, हे सांगताना विसरू नये. देवमाशाच्या कानात मेणाचा गोळा थरांथरांनी वाढतो. हे थर मोजून वय कळतं आणि त्यातली संप्रेरकं (हार्मोन) तपासून कुठल्या वर्षी प्राण्यावर ताण होता, तेही कळतं. उत्तर ध्रुवाकडच्या बोहेड देवमाशाचं वय डोळ्याच्या भिंगातल्या अमिनो आम्लावरून काढतात आणि एकाचं दोनशे वर्षांच्या पुढे निघालं होतं. तरंगणारी विष्ठा गोळा करून तिच्यातली संप्रेरकं मोजतात. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाल्यावर काही दिवस कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात जहाजांची वाहतूक घटली आणि तिथल्या राइट व्हेलच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकंही त्याच काळात कमी झाली. वाघाच्या विष्ठेवर काम केलेल्या माणसाला या प्रयोगशाळेत परकं वाटणार नाही.

आणि देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते, याचा एक मोठा पुरावा तर डोंगरातला आहे. जम्मू विभागातल्या कालाकोट भागातून रंगा राव यांनी गोळा केलेल्या दगडांत इंडोह्यस या मांजराएवढ्या, खुरांच्या प्राण्याची हाडं होती. १९७१ मध्ये त्यांनी त्याचं नामकरण केलं. उरलेले दगड वर्षानुवर्षं न फोडता पडून होते. ते फोडल्यावर हान्स थेविसन यांना कानाच्या हाडाची जी जाड कड दिसली, ती तोवर फक्त देवमाशांच्या कुळात माहीत होती. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कच्छमधूनही आद्य देवमाशांचे जीवाश्म मिळाले आहेत. या प्राण्यांच्या इतिहासाची सुरुवातच आपल्या उपखंडात झाली, ही गोष्ट आपल्या शाळांत फारशी कुणी सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता ज्या कामाची मला सगळ्यात जास्त तळमळ आहे, ते. किनाऱ्याला लागलेले देवमासे.

जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यात रेवदंड्याला निळा देवमासा लागला. जानेवारी २०१६ मध्ये जुहूच्या वाळूत ब्रायडीज देवमासा आला. त्याच महिन्यात तमिळनाडूत तुतिकोरीनच्या बाजूला पायलट व्हेलचा मोठा कळप किनाऱ्यावर आला. त्याच किनाऱ्यावर १९७३ मध्ये १४७ आले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं जिवंत पिल्लू लागलं, लोकांनी जिवापाड प्रयत्न केले, पण ते वाचलं नाही. पाण्याबाहेर इतक्या मोठ्या प्राण्याचं स्वतःचंच वजन फुप्फुसांवर आणि स्नायूंवर येतं आणि चरबीच्या थरामुळे शरीर आतून तापतं. अशा वेळी ओलं कापड टाकावं, पाणी मारत राहावं, डोक्यावरचं श्वासाचं छिद्र मोकळं ठेवावं आणि शेपटीला दोर बांधून ओढू नये.

मृत प्राणी आला की गर्दी होते, फोटो निघतात, दुर्गंधी सुटते आणि जेसीबी येऊन खड्ड्यात पुरून टाकतो. प्रशासनाची अडचण मला कळते. वस्तीशेजारी सडणारं धूड ठेवता येत नाही. पण त्याआधी अर्ध्या तासाचं काम झालं तर तो प्राणी विज्ञानाला मिळतो. वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, शरीराला समांतर, सरळ रेषेत लांबी घ्यायची. टेप पाठीच्या फुगीर भागावरून नेली की लांबी खोटी वाढते. डोक्याचा वरून फोटो हवा. ब्रायडीजच्या डोक्यावर तीन उंच रेषा असतात, निळ्या देवमाशाला मधली एकच. तोंडातल्या, अन्न गाळणाऱ्या झालरीच्या पट्ट्यांचा रंग, घशाच्या वळ्या कुठवर जातात ते, पोटाकडून लिंग, आणि प्रत्येक फोटोत मोजपट्टी. नखाएवढा कातडीचा तुकडा इथेनॉलमध्ये ठेवला की डीएनए टिकतो. सडलेल्या प्राण्याची कातडी सोलते, शरीर वायूने फुगतं आणि जाती चुकीच्या लिहिल्या जातात. जुन्या नोंदींमधली कितीतरी नावं आज डोळे झाकून मान्य करता येत नाहीत, ती म्हणूनच.

हे प्राणी वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, म्हणून नमुना वनविभागाच्या परवानगीनेच घ्यायचा. उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही, कारण काही जंतू माणसालाही होतात. फुगलेल्या पोटाजवळ उभं राहायचं नाही. कळवायचं ते आधी वनविभागाला, १९२६ या क्रमांकावर. महाराष्ट्रात २०१८ पासून एक चांगली गोष्ट झाली आहे. संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. नोंदींच्या बाबतीत माझा सगळ्यात मोठा भरवसा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आणि खलाशी यांच्यावर आहे. आम्ही वर्षभरात समुद्रावर जितके दिवस असतो, तितके ते दोन महिन्यांत असतात.

इथे नागपूरचा धागा तुला कदाचित माहीत नसेल. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात आहे. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय त्याच विद्यापीठात येतं आणि नागपुरात मत्स्यविज्ञान महाविद्यालयही आहे. गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. वाघाचं शवविच्छेदन शास्त्रशुद्ध कसं होतं, नमुने कसे साठवतात, कागदपत्रं कशी ठेवतात, हे इथे शिकलेला पशुवैद्य उद्या कोकणात उभा राहिला तर फार मोठी उणीव भरून निघेल. तुझ्या वर्गातलं किंवा ओळखीतलं कुणी पशुवैद्यक शिकत असेल तर त्यांनाही हे सांग.

तुझ्यापुरतं सांगायचं तर आत्ता दोन वर्षं तुला कुठेही जायची गरज नाही. आर ही संगणकीय भाषा शीक, संख्याशास्त्र टाळू नकोस. प्राणिशास्त्राची मुलं तिथेच मागे पडतात आणि पुढे सगळं तिथेच अडतं. रेव्हन लाइट आणि ऑडॅसिटी या दोन्ही प्रणाली फुकट मिळतात. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचा वॉटकिन्स ध्वनिसंग्रह खुला आहे. त्यातून हंपबॅक, स्पर्म व्हेल, डॉल्फिन यांचे आवाज उतरवून घे आणि चित्रं ओळखायला शीक. पावसाळ्यात अंबाझरीच्या बाजूला बेडूक ओरडतात, ते मोबाइलवर टिप. कुठली जात किती वाजता सुरू होते, पावसाच्या जोराने त्यांच्या ओरडण्यात काय फरक पडतो, हे स्पेक्ट्रोग्रामवरून मांडून बघ. पद्धत अगदी तीच आहे. सुट्टीत वाघांच्या किंवा पक्ष्यांच्या गणनेत स्वयंसेवक म्हणून जायला मिळालं तर जरूर जा.

एमएस्सीला मात्र बाहेर पडावं लागेल. गोवा विद्यापीठ, कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, अण्णामलै विद्यापीठाचं परंगीपेट्टईचं केंद्र, कारवार, किंवा वन्यजीव हाच विषय घ्यायचा असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. घरच्यांना नोकरीची काळजी असेल तर ती रास्त आहे. भारतात फक्त देवमाशांवरच्या पक्क्या जागा फार थोड्या आहेत, बहुतेक काम प्रकल्पांवर चालतं आणि प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतात. पण आवाजाचं विश्लेषण, संख्याशास्त्र, डीएनए यांतलं एक तरी हत्यार पक्कं असलेली मुलं रिकामी बसलेली मी पाहिली नाहीत. ती वटवाघळांवर, पक्ष्यांवर, वाघांवरही काम करतात आणि संधी आली की समुद्रावर येतात.

कोकणात फील्ड साधारण ऑक्टोबर ते मे चालतं. पावसाळ्यात होडी निघत नाही आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते. त्या काळात सगळे संगणकावर असतात आणि मदतीला माणसं हवी असतात. म्हणून प्रयोगशाळांना पत्र एप्रिलमध्ये पाठव. देवमासे किती आवडतात यावर परिच्छेद लिहू नकोस, तशी पत्रं रोज येतात. बेडकांचं जे काम केलंस त्याचं एक पान जोड: एक स्पेक्ट्रोग्राम, एक आलेख, आणि काय कळलं व काय कळलं नाही याच्या चार ओळी.